शुन्पेईचा हात आणि तोगाशींची मूठ

जुलै लागला की आमचे शेजारी तोगाशी-सान नव्या नवरीसारखे वागायचे. मान खाली, नजर जमिनीवर, हाक मारली तर नुसतं 'हं'. एरवी हाच माणूस माझ्या सलूनच्या दारात उभा राहून बांगड्याच्या ताजेपणावर अर्धा तास बोलायचा आणि वर म्हणायचा, "फुमिए-सान, तुमच्यामुळे माझा वेळ जातो हो."

त्यांची लाँड्री आणि माझं सलून यांच्यात एकच भिंत. तिकडे वाफेची इस्त्री फुसफुसली की इकडे माझा आरसा धूसर होतो. वडिलांमागे हे सलून मी चालवते आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कात्रीबरोबर माझं तोंडही चालतं. त्यामुळे त्सुरुनुमा गावात कुणाचं काय चाललंय ते मला घरच्यांच्या आधी कळतं. तोगाशींचं तर भिंतीतूनच ऐकू यायचं.

तर जुलैचं कारण. तोगाशी हायस्कूलच्या बेसबॉलचे पंच होते. सव्वीस वर्षं. उन्हाळ्यात जिल्ह्याची स्पर्धा लागली की लाँड्री बायकोवर, म्हणजे मासुमीवर सोडून हे काळी टोपी घालून मैदानावर. मिळायचं काय? जेवणाचा डबा आणि थंड चहाची बाटली. डबाही बऱ्याचदा घरी आणायचे, कारण जेवून उन्हात वाकलं की मळमळतं. पहाटे नदीच्या मुखाशी जाऊन आवाज तापवायचे. 'स्ट्राइक' असं ओरडले की सीगल उडायचे. मी म्हणायचे, "बघा, पक्षीसुद्धा निकाल मानून निघून जातात."

आणि त्यांचं सोवळं काय सांगू. जुलैमध्ये खेळाडूच्या घरून वांग्याचं लोणचं आलं तरी दारातून परत. शाळेचे शर्ट धुवायला आले तर ते मासुमीने घ्यायचे, हे आतल्या खोलीत. माझ्याकडे दाढीला यायचे पहाटे सहाला, कारण नऊनंतर टीममधली पोरं डोकी भादरायला यायची. एकदा उशीर झाला. हे खुर्चीत, एक गाल झालेला, आणि दारात कॅप्टन शुन्पेई वागात्सुमा. तोगाशी उठले आणि दुसऱ्या गालाच्या साबणासकट मागच्या दाराने पळाले. त्या दिवशी अर्ध्या दाढीने मॅच केली त्यांनी.

"लाँड्रीवाले काका माझ्यावर रागावलेत का?" शुन्पेईने विचारलं होतं.

"रागावले नाहीत रे. तुझ्याकडे बघितलं तर पाप लागतं त्यांना."

शुन्पेई मच्छीमाराचा मुलगा. कान मोठे, बोलणं कमी. डोक्यात दोन भोवरे, त्यामुळे मशीन नेहमी तिथे अडायची. तेरा वर्षांचा होता तेव्हापासून त्याचं डोकं माझ्या हाताखाली. दर पंधरा दिवसांनी यायचा, खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचा आणि झाल्यावर टोपी छातीशी धरून माझ्या कंगव्यालासुद्धा वाकून नमस्कार करायचा.

आता माझं तोंड काय बोललं ते सांगते. लपवून उपयोग नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तोगाशी सकाळी सहाला आले तेव्हा सलूनमध्ये आणखी तिघंजण होते. बाजाराला जाणारे म्हातारे, तेही लवकर येतात. मला काय, श्रोते मिळाले. वस्तरा पाजळता पाजळता म्हटलं, "तोगाशी-सान, यंदा आपली पोरं चांगली आहेत म्हणे. त्यांची मॅच तुमच्याकडे आली तर शर्टांना करता तशी कडक इस्त्री नका करू हं. जरा मऊ राहा."

म्हातारे हसले. तोगाशी आरशात बघत म्हणाले, "आपल्या गावच्या शाळेची मॅच देत नाहीत आम्हाला. तसा नियम आहे."

"नियम असतील. पण ती जिंकली की आम्ही समजून जाऊ, कुणाच्या कृपेने जिंकली ते. कसं, ओजी-सान?"

ओजी-सान म्हणजे त्यातला सगळ्यात थोराड म्हातारा. तो म्हणाला, "सगळं गाव समजेल."

पुन्हा हसणं झालं. तोगाशी हसले नाहीत. मी गालावर वस्तरा फिरवला आणि विसरून गेले. दिवसात अशा वीस गोष्टी बोलते मी.

आमची शाळा तिसऱ्या फेरीत पोचली. समोर यामागाता शहरातली मोठी खासगी शाळा. मी सलूनवर पाटी लावली, 'आज बंद, डोकी मैदानावर आहेत', आणि पोरांच्या आयांबरोबर जाऊन बसले. उन्हाळ्याच्या स्पर्धेत एकदा हरलं की संपलं. शेवटच्या वर्षातली पोरं त्याच दिवशी निवृत्त होतात, अठराव्या वर्षी. मग केस वाढवतात आणि माझं गिऱ्हाईक जातं. म्हणजे ती पोरं जिंकावीत यात माझाही स्वार्थ होता.

सकाळच्या मॅचला जो पंच होता त्याला ऊन लागून चक्कर आली. आमच्या मॅचला तोच होमच्या पाटीमागे, म्हणजे धाव जिथे पुरी होते तिथे, उभा राहणार होता. पंचांच्या संघटनेचे प्रमुख मुरोई-सान घाईघाईने तोगाशींकडे गेले. तोगाशी तिथे दुसऱ्या कामासाठी आले होते. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं.

"ती माझ्या गावची शाळा आहे," तोगाशी म्हणाले.

"माहीत आहे. पण माणूस नाही. आणि तुमच्याकडे कोण बोट दाखवणार?"

म्हणून ते आले. मैदानात शिरताना काळ्या टोपीखालचा चेहरा मी ओळखला आणि शुन्पेईच्या आईला, चिझुरुला, कोपर मारलं. "आपला माणूस."

ती म्हणाली, "फुमिए-सान, गप्प बसा. ऐकू जाईल."

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात आम्ही चार विरुद्ध तीन असे मागे. आमचे दोन गडी बाद, तिसरा गेला की संपलं, आणि शुन्पेई दुसऱ्या बेसवर. बॅटरने बॉल उजवीकडे मारला आणि शुन्पेई सुटला. तिसरा बेस ओलांडून थेट होमकडे. तिकडून बॉल आला, कॅचरच्या हातमोज्यात बसला आणि कॅचर वळला. बॉल अंगाला लागायच्या आत पाटीला हात लागला तर सेफ, म्हणजे बरोबरी आणि खेळ पुढे. नाहीतर आऊट, म्हणजे घरी. शुन्पेई पोटावर घसरत गेला, डावा हात पुढे करून. धूळ उडाली. त्या धुळीमागे तोगाशी वाकलेले.

शाळेचा बँड थांबला होता. धूळ बसली आणि तोगाशींची उजवी मूठ वर गेली.

"आऊट."

काय आवाज होता. नदीवर तापवलेला.

पहिल्या बेसजवळचा पंच दोन पावलं पुढे आला आणि थांबला. मी ते पाहिलं, पण त्याला काही सांगायचं होतं हे तेव्हा कळलं नाही. आमच्याकडे कोच मैदानात येऊन भांडत नाही. विचारायचं असेल तर कॅप्टनने जायचं, टोपी काढून. इथे कॅप्टनच मातीत पडलेला. तो उठला, हेल्मेट काढलं आणि छातीशी धरून तोगाशींसमोर उभा राहिला. तोगाशींनी मला सांगितलं ते असं:

"माझा हात आधी लागला असं मला वाटलं. बाकीच्या पंचांना एकदा विचाराल का?"

पंचांना तसं करता येतं. चौघांनी एकत्र यायचं, बोलायचं, निर्णय बदलला तर माइकवरून लोकांना सांगायचं. कमीपणा नसतो त्यात. तोगाशींनी पूर्वी दोनदा केलं होतं.

या वेळी ते म्हणाले, "मी पाहिलं. आऊट."

शुन्पेई म्हणाला, "हो. आभारी आहे." आणि वाकला.

मग दोन्ही संघ रांगेत उभे राहिले, नमस्कार झाला, सायरन वाजला. पोरं रडली. शुन्पेई रडला नाही, तो पोरांच्या बॅटी गोळा करत होता. चिझुरु माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की दुसऱ्या दिवशी कात्री धरवेना.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं चित्रण गावभर फिरलं. हात पाटीवर, मग हातमोजा. लहान मुलालाही दिसेल असं. आता तुम्हाला वाटेल, लोकांनी लाँड्रीवर जाऊन आरडाओरड केली असेल. केली असती तर बरं झालं असतं. आमच्या गावात राग आला की लोक जास्त वाकतात. तोगाशी दिसले की रस्ता ओलांडून यायचे आणि म्हणायचे, "उन्हात खूप त्रास झाला असेल तुम्हाला." जुलैच्या उकाड्यात बायकांनी लोकरीचे कोट धुवायला आणले. एकानेही 'बेसबॉल' हा शब्द काढला नाही. चिझुरुही आली, नवऱ्याचे दोन शर्ट घेऊन. दुसऱ्या लाँड्रीत गेली असती तर तो अपमान झाला असता आणि तो तिला करायचा नव्हता. मासुमी मला म्हणाली, "ती 'धन्यवाद' म्हणून गेली ना, तेव्हा मला वाटलं की इस्त्री पालथी करून पोटाला लावावी."

मी कसली गप्प बसणार. मी विनोद करणार होते. चार दिवस तोंडात तयार ठेवला होता, पंचांना चष्मा भेट देण्याचा. पाचव्या दिवशी तोगाशी पहाटे आले, एकटेच होते. खुर्चीत मागे रेलले, मी चेहऱ्यावर गरम टॉवेल ठेवला. टॉवेलखालून ते बोलायला लागले.

"मी हात पाहिला, फुमिए-सान."

"कुठला हात?"

"शुन्पेईचा. आधी हात, मग मोजा. स्वच्छ. सेफ देण्यासाठी माझे दोन्ही हात उघडायला लागले होते."

मी वस्तरा खाली ठेवला.

"मग डोक्यात आलं, ही पोरं पुढे जिंकली तर गाव म्हणेल लाँड्रीवाल्याने जिंकवली. त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत करायची आणि शेवटी लोक हसणार, की घरचा पंच होता. त्यापेक्षा... मला वाटलं, शंका असेल तर आपल्या माणसाच्या विरुद्ध जावं. आणि शंका तर नव्हतीच. एवढ्यात मूठ वर गेली होती."

"आणि तो विचारायला आला तेव्हा?"

"तेव्हा बदललं असतं तर आणखी वाटलं असतं ना, की गाववाल्यासाठी बदललं." त्यांनी टॉवेल डोळ्यांवर दाबून धरला. "तुमचा दोष नाही त्यात. तुम्ही थट्टा केली होती. गावाने खरंच म्हटलं असतं."

मी माझं नाव काढलंसुद्धा नव्हतं. त्यांना वाटलं मला समजलंय आणि मी वाईट वाटून घेतेय, म्हणून धीर देत होते. मला तर त्या क्षणी समजलं. टॉवेल गार होईपर्यंत मी तो उचलला नाही. माझा चेहरा त्यांनी आरशात बघावा असं मला वाटत नव्हतं.

त्यांनी संघटनेला पत्र लिहिलं. मी ते पाहिलं, 'कुणाला निर्णय चुकला असं वाटलं असेल तर' अशी मखलाशी नव्हती त्यात. 'मला हात आधी दिसला होता आणि मी आऊट दिलं. शाळेची व खेळाडूची जाहीर माफी मागायची आहे.' तीन ओळी. दोन दिवसांनी मुरोई-सान स्वतः आले, शहरातून, जेलीचा खोका घेऊन. लाँड्रीच्या काउंटरवर पत्र ठेवलं, माझे सलूनमधले पांढरे कोट होते त्यांच्या शेजारी. मी कोट न्यायला गेले होते, ते उगाच पुन्हा पुन्हा मोजत राहिले.

"तोगाशी-सान, हे परत घ्या. निकाल सायरनबरोबर संपतो. आज एक उघडला तर उद्या प्रत्येक आई मोबाईल घेऊन उभी राहील. तुमच्यानंतरची तरुण पोरं पंच व्हायला येणारच नाहीत. आधीच कुठे येतात?"

"मग मी कुणाला उत्तर द्यायचं?"

"संघटनेला दिलंत. संघटना तुमच्या पाठीशी आहे."

तेव्हा मासुमी बोलली. सव्वीस वर्षांत ती बेसबॉलवर पहिल्यांदाच बोलली असेल. "मुरोई-सान, आमच्याकडून कुणाचा शर्ट जळला तर आम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जातो. शर्ट काही परत मिळत नाही. तरी जातो, दारात उभं राहून वाकतो आणि सांगतो, आमच्या हातून जळला. तुमच्याकडे ही पद्धत नाही का?"

मुरोई वाईट माणूस नव्हते. त्यांनी बराच वेळ जेलीच्या खोक्याची रिबन सरळ केली. "शर्ट एकाचा असतो," म्हणाले. "मॅच दोघांची असते. समोरची पोरं जिंकली आहेत. त्यांना काय सांगू, चोरीची जिंकलात म्हणून?"

तोगाशी पत्र घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "जाहीर नाही मागणार. पण त्या पोराला मी सांगणार."

सांगायला जावं लागलंच नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला शुन्पेई स्वतः आला. मॅचचा शर्ट शाळेला परत करायचा असतो, धुऊन. पाठीवरचा आकड्याचा तुकडा आईने उसवून घेतला होता, तिथे चौकोन पांढरा दिसत होता. पुढची सगळी बाजू काळी. डाव्या बाहीवर माती कापडात इतकी घुसली होती की घरच्या धुण्यात गेली नव्हती. मी त्या वेळी तिथेच होते. टॉवेल घेऊन गेले होते, माझे टॉवेल त्या महिन्यात फारच मळत होते.

शुन्पेईचे केस बोटभर वाढले होते. पहिल्यांदाच पाहिले मी. मऊ होते, भोवरे झाकले गेले होते.

तोगाशींनी शर्ट काउंटरवर पसरला. माणूस पंच असो नसो, डाग वाचण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. छातीपासून मनगटापर्यंतची माती त्यांनी बोटाने नुसती चाचपली. मग काउंटरमागून बाहेर आले, शुन्पेईसमोर उभे राहिले आणि कमरेत वाकले.

"शुन्पेई-कुन. त्या दिवशी तू..."

"काका, नको."

तोगाशी वाकलेलेच.

"मला माहीत आहे," शुन्पेई म्हणाला. "हात माझा आहे ना. पाटी कशी लागते ते मला माहीत आहे. पण तुम्ही बोलू नका."

"मला बोलायला हवं. मी खोटं..."

"तुम्ही सेफ म्हणालात तर ती मॅच संपत नाही हो." त्याचा आवाज फाटला. मैदानावर न रडलेला पोरगा. "मग पुढचा बॅटर उभा राहतो. मग दहावा डाव. मी रोज झोपताना खेळतो तो. कधी जिंकतो, कधी हरतो, सकाळपर्यंत चालतं. आऊट असेल तर संपलं. आऊट असेल तर मी घरी जाऊ शकतो. सगळे म्हणतात सेफ होतास, सेफ होतास. निदान तुम्ही तरी आऊट म्हणा."

मासुमी इस्त्रीची वाफ बंद करायला म्हणून आत गेली आणि आलीच नाही. मी टॉवेलांच्या ढिगाला धरून उभी. मला नेहमी काहीतरी सुचतं.

तोगाशी हळूहळू ताठ झाले. त्याच्याकडे बघितलं. जुलै संपला होता, आता बघायला हरकत नव्हती.

"आऊट होतास," म्हणाले. आवाज नव्हताच त्यात, नुसते ओठ.

"हो. आभारी आहे."

हातात टोपी नसल्यामुळे त्याचे हात छातीशी आले आणि तिथे काहीच न सापडल्यामुळे खाली गेले. तो वाकला आणि गेला.

शुन्पेई आता सेंदाई शहरात असतो, रेफ्रिजरेटर दुरुस्त करतो. हे लिहिण्याआधी मी त्याला फोन केला होता. "लिहा की," म्हणाला. "पण मॅच तशीच राहू दे, फुमिए-सान." मी विचारलं, अजून खेळतोस का रात्री? तो म्हणाला, "मुलगी झाल्यापासून झोपच कुठे मिळते." विनोद करायला माझ्याचकडे शिकला असावा.

तोगाशींनी त्या सप्टेंबरात संघटनेला राजीनामा दिला. अर्जावर कारण लिहायची जागा होती. खरं कारण लिहिलं तर मॅच पुन्हा उघडते आणि पोराला शब्द दिलेला. दोन दिवस तो कागद काउंटरवर पडून होता. शेवटी त्यांनी लिहिलं, गुडघे दुखतात.

मुरोईंना कळलं असणार. पण त्यांनी तेच कारण धरलं आणि पुढच्या वसंतात गावच्या सभागृहात तोगाशींचा सत्कार केला. सव्वीस वर्षांच्या निष्पक्षपाती सेवेबद्दल मानपत्र. 'निष्पक्षपाती' या शब्दावर मुरोईंचा आवाज जरा अडखळला. गावाने टाळ्या वाजवल्या आणि त्या मनापासून होत्या. माणूस म्हातारा झाला, थकला, त्याला दिसेनासं झालं असेल, असं समजून लोकांनी त्यांना माफ करून टाकलं होतं. ज्या गोष्टीसाठी माफी हवी होती ती कुणाला माहीतच नव्हती. मानपत्र घ्यायला तोगाशी मंचाच्या पायऱ्या एकेक पाय ठेवत चढले, लोकांना गुडघेदुखी दिसावी म्हणून.

तेव्हापासून ते तसेच चालतात. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत हे या गल्लीत मासुमीला आणि मलाच माहीत. गिऱ्हाइकं मलमाच्या पट्ट्या आणून देतात. ओजी-सानने गरम पाण्याच्या झऱ्याची कुपनं दिली. तोगाशी सगळं दोन्ही हातांनी घेतात आणि वाकतात.

गेल्या आठवड्यात मागच्या अंगणात गेले तर ते अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे उकिडवे बसून गवत उपटत होते, सहज, एखाद्या तरण्या पोरासारखे. मला पाहिलं आणि उठताना एक हात गुडघ्यावर ठेवला. माझ्यासमोर गरज नव्हती. सवयीने ठेवला असेल.

सलूनमध्ये तीन गिऱ्हाइकं बसली होती आणि मागचं दार उघडं होतं. मी विचारलं, "गुडघे कसे आहेत आज?"

"बरे आहेत," ते म्हणाले. "हवा कोरडी आहे ना."